सकाळी पिशवी रिकामी हवी

४ फेब्रुवारी, मंगळवार

मापाची वही उलटी धरून मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी रड. नवी वही आणायला दुकानापर्यंत जावं लागेल आणि तेवढं त्राण नाही.

मास्तरीण आजारी आहे. मास्तरीण म्हणजे आमची कोंबडी. तीन वर्षांपूर्वी घर बदलणारी एक गिऱ्हाईक बाई "दोनच आठवडे सांभाळा" म्हणून ती खोक्यासकट ठेवून गेली, ती गेलीच. तिच्या कोटाचं अस्तरही अजून माझ्याकडे पडून आहे. कोंबडी गॅलरीत तपासणीला आल्यासारखी फिरते, एकेका कुंडीपाशी थांबून नापसंती दाखवते, म्हणून अण्णांनी हे नाव ठेवलं. अण्णा माझे वडील. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात, गॅलरीच्या दाराशी त्यांची खाट आहे. दिवसभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलतात आणि तिच्याशी शंभर. तिला काही झालं तर ते उरलेली दहा तरी बोलतील का, ही मला खरी धास्ती आहे.

आज सकाळी सव्वासातला दाणे टाकले, तर तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. उचलून घेतलं तेव्हा मानेखाली, उजव्या अंगाला गोळा लागला. लिंबाएवढा, टणक. दिवसभर ती पिसं फुगवून अण्णांच्या खाटेखाली बसून होती. मी चार पँटच्या कडा दुमडल्या, दोन चेन बदलल्या आणि दर अर्ध्या तासाने वाकून खाटेखाली पाहिलं. कंबर गेली माझी.

५ फेब्रुवारी, बुधवार

जनावरांच्या दवाखान्यात दीड तास. बाकावर तीन कुत्री, टोपलीत एक मांजर आणि मांडीवर पिशवीतून डोकं काढून सगळ्यांना दटावणारी आमची मास्तरीण. डॉक्टरीण वयाने माझी मुलगी शोभेल अशी, पण हात धीराचा. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून?"

मी वही उघडून सांगितलं. रविवारी खाणं नेहमीसारखं. सोमवारी संध्याकाळी अर्धं टाकलं. काल सकाळी सव्वासातला गोळा पहिल्यांदा लागला. आज तेवढाच आहे, लहान नाही.

"इतकं नेमकं कोणी सांगत नाही," ती म्हणाली. मला उगाच शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं झालं.

मग तिने नीट समजावून सांगितलं. कोंबडीला मानेखाली एक पिशवी असते. खाल्लेलं आधी तिथं साठतं, भिजतं, मग थोडं थोडं पुढे सरकतं. संध्याकाळी ती भरलेली असली तर काही बिघडत नाही, पण रात्रभरात रिकामी व्हायला हवी. "म्हणून सकाळी दाणे टाकायच्या आधी हात लावून बघायचं. सपाट लागली तर उत्तम. गोळा लागला तर खाली कुठंतरी अडलंय. लांब गवत, सुतळी, दोरा असलं काही पोटात गेलं की असं होतं. घरात दोरा वगैरे असतो?"

तिने माझ्या बाहीला चिकटलेला एक लाल दोरा चिमटीत धरून टेबलावर ठेवला आणि पुढचं विचारलंच नाही.

गोळा उतरेपर्यंत दाणापाणी बंद, म्हणजे औषध घातलेलं पाणी चालू, दाणा बंद. ड्रॉपरने तेलाचे चार थेंब. दिवसातून चार वेळा पाच पाच मिनिटं हलक्या हाताने गोळा चोळायचा. "आणि उलटी धरून ओकायला लावू नका. लोक लावतात. श्वासनलिकेत गेलं की संपलं."

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे उपाशी ठेवायची?" मी म्हटलं, माझ्या दोऱ्यांनी अडलंय, अण्णा, आता उपाशी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. मग म्हणाले, "मऊ काही दिलं तर?" मी नाही म्हटलं. दोन चोळण्यांच्या मधे आणखी किती वेळा एकच गोष्ट सांगायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सव्वासात. गोळा आहेच. मला तर कणभर मोठाच वाटतो, पण दोन दिवस झोप नीट नाही, माझ्या वाटण्याला काय किंमत.

घर तीनदा झाडलं. मशीनखालून इतके दोरे निघाले की त्यात एक स्वेटर झाला असता. आता चिंध्यांच्या डब्याला झाकण घातलं आहे आणि मशीनभोवती पुठ्ठ्याचं कुंपण केलं आहे. काम करताना मीच त्याला अडखळते.

अण्णांनी राखाडी पँट परत खिळ्याला लावून ठेवली होती, कमरेत टाचणी टोचून. बोलायचं नाही, पँट लटकवायची, ही त्यांची पद्धत. टाचणी असते तिथं मी टीप मारते. एक इंच आत घेतली, वहीच्या पुढच्या बाजूला माप लिहिलं. हे कापडच टाकाऊ निघालं, धुऊन धुऊन सैल पडत चाललंय. त्यांची कवळीही सैल झाली आहे म्हणतात, म्हणून हल्ली सगळं मऊ शिजवते: भात, बटाटा, गाजर बारीक कापून. दंतवैद्याकडे न्यायचंय. कधी न्यायचं ते देवाला माहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

बँकेचा पहारेकरी गणवेशाची चेन बसवून घ्यायला आला. मी घड्याळासमोर बसून मास्तरणीचा गळा चोळत होते. मधे थांबता येत नाही, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. तो हातात पँट घेऊन उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, मी पण रांगेत आहे का?" अण्णा खाटेवरून हसले. हसता हसता त्यांना असा ठसका लागला की पाणी द्यायला मला कोंबडी पहारेकऱ्याच्या हातात द्यावी लागली. त्याने ती बंदुकीसारखी धरली.

अण्णांचं जेवण तेवढं बिनतक्रार चाललं आहे. ताट त्यांना खाटेवरच हवं असतं, "तुझं मशीन थांबवू नकोस," म्हणतात. अर्ध्या तासाने ताट चाटूनपुसून परत. या घरात निदान एका जिवाला भूक आहे.

एक गंमत. ते पाणी पितात तेव्हा हल्ली मास्तरणीसारखी मान पुढे काढतात, डोळे मिटतात आणि मग घोट उतरवतात. मी म्हटलं, "अण्णा, संगतीचा परिणाम." त्यांनी पेला खाली ठेवला आणि गॅलरीकडे तोंड केलं. थट्टा आवडली नसावी.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन, दर रविवारचा. कोंबडीचं ऐकून म्हणाला, "अगं, कोंबडी आहे ती. दुसरी आण." मग, "अण्णा जेवतात ना?"

"ताट स्वच्छ करतात."

"मग झालं तर."

अण्णांशी बोलला दोन मिनिटं. नंतर मला म्हणतो, त्यांचा आवाज घोगरा का येतोय, सर्दी झालीय का. मी म्हटलं, गॅलरीच्या दाराशी झोपतात, होणारच. फोनवरून सल्ले द्यायला काय जातं. इथं येऊन एक दिवस चार वेळा गळा चोळ म्हणावं.

खरं लिहायचं तर आज चौथ्या चोळणीला माझ्या मनात आलं, की ही एकदाची जाऊ दे. म्हणजे मला पाठ टेकता येईल. लगेच लाज वाटली. ती माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होती, जणू वहीत शेरा लिहितेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सव्वासात. गोळा आता टणक नाही, लिबलिबीत झाला आहे. दाबला की आत पाणी हलतं. चोचीजवळ नाक नेलं तर आंबलेला वास आला. तशीच उचलून दवाखान्यात नेली.

डॉक्टरणीने हात लावला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "आत अन्न कुजतंय. तुम्ही काही देताय तिला?"

"दाणाही नाही. पाच दिवस तुम्ही दिलेल्या पाण्यातल्या औषधावर आहे."

"कोणीतरी देतंय. काहीतरी मऊ. पाव, भात. ही पिशवी उपाशी कोंबडीची नाही."

मला इतका राग आला की आभारही न मानता निघाले. जिना चढता चढता डोक्यात लख्ख उजेड पडला: वरच्या मजल्यावरच्या आजी. रोज दुपारी टेबलावरचं कापड आमच्या गॅलरीवर झटकतात. तशीच वर गेले, दार वाजवलं आणि काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, मला साखर आहे. पाव आणि भात सोडून मला चार वर्षं झाली. कापडावरून काय पडत असेल तर धूळ." मी खाली यायला वळले तर मागून म्हणाल्या, "वडिलांकडे बघ जरा. वरून दिसतात ते. किती वाळलेत."

चोरी पकडली गेली की माणसं दुसऱ्याच्या आईबापावर घसरतात. तशीच खाली आले.

रात्रीत कोणाला काही टाकता येऊ नये म्हणून खोकं गॅलरीतून आत आणलं, अण्णांच्या खाटेला चिकटवून ठेवलं. म्हटलं, "अण्णा, आता तुमचा पहारा." ते म्हणाले, "बरं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पिशवी कालच्यापेक्षा मोठी. वास तसाच. पहारा असून.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, उद्या उघडावीच लागेल. सुन्न करून छोटी चीर, आतलं काढायचं, धुवायचं, शिवायचं. वाचेल का, विचारलं तर म्हणाली, अशक्त आहे, पण न उघडता नक्की वाचणार नाही.

अण्णांना सांगितलं. त्यांनी हात पांघरुणाखाली घेतले. संध्याकाळी त्यांचं ताट या आठवड्यात पहिल्यांदाच भरलेलं परत आलं. काळजीने भूक मेली असणार. मी जबरदस्ती केली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार



डॉक्टरणीने मला आत उभं राहू दिलं. म्हणाली, तुम्ही शिवणकाम करता, चक्कर येणार नाही तुम्हाला. तिने पिसं बाजूला केली, बोटभर चीर दिली आणि चिमट्याने काढून काढून स्टीलच्या भांड्यात ठेवत गेली. आधी दोरा. राखाडी, काळा, आणि तो लाल, सगळे एकमेकांत गुंतून सुपारीएवढी गाठ झालेली. ती माझी चूक, ती मी कबूल करून बसलेच होते. त्याच्यामागून भात. मग बटाटा. मग गाजर.

"गाजर कोण घालतं हिला?" ती म्हणाली.

गाजराचे तुकडे चौकोनी होते, सगळे एकसारखे, मटाराएवढे. माझ्याशिवाय कोणी गाजर असं कापत नाही. सुरी हातात आली तरी मी मापानेच कापते, दादा त्यावरून मला लहानपणापासून चिडवतो. ते तुकडे मी परवा रात्री कापले होते. एकाच ताटासाठी.

तिने आत एक टीप घातली, बाहेर एक. हात बरा आहे तिचा. मी तेवढं पाहिलं आणि मग बाहेर जिन्यात जाऊन बसले. तिथं मी एकामागून एक रिकामी ताटं आठवत होते. प्रत्येक ताट घासताना मला बरं वाटलं होतं.

घरी आले. मास्तरणीला खोक्यात ठेवलं. अण्णा उठून बसले होते.

"जिवंत आहे?"

"आहे. तिच्या पोटातून तुमचं जेवण निघालं, अण्णा."

ते खोक्याकडे पाहत राहिले. मी खाटेवर त्यांच्याशेजारी बसले. इतक्या जवळ बसायची सवय दोघांनाही राहिलेली नाही. मला रागवायचं होतं, शब्दही जुळवून आणले होते. पण बसले तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तो नुसतं हाड होता.

"मी सांगितलं होतं ना, काही द्यायचं नाही."

"दोऱ्याने अडलंय म्हणालीस. माझं तर मऊ असतं." मग जरा थांबून, "मला मऊ असलं की दोन घास उतरतात. म्हटलं, तिलाही उतरेल. उपाशी कशी ठेवायची?"

"आणि बाकीचे घास?"

"बाकीचे उतरत नाहीत."

"मला सांगायचं होतं."

"तुझं मशीन चालू असतं," ते म्हणाले. "ताट भरलेलं परत आलं की तू मशीन थांबवतेस. मग तुझ्या कपाळाला आठ्या पडतात. रिकामं गेलं की बरी असायचीस. तिचंही पोट भरायचं. मला वाटलं, तिघांचं बरं चाललंय."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खालीवर चोळत राहिले, हलक्या हाताने, जसं मी आठवडाभर कोंबडीला चोळत होते तसं. घड्याळ पाहिलं नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन बंद ठेवलं. ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले.

पहिला घास: मान पुढे, डोळे मिटलेले, उतरला. दुसरा घास: उतरला, मागून पाणी, पाण्याने ठसका. तिसरा घास गालात राहिला. चौथा त्यांनी उचललाच नाही. एवढ्यालाच वीस मिनिटं लागली आणि कपाळावर घाम. हे मी कितीदा पाहिलं असतं, फक्त तोंड वर केलं असतं तर. शनिवारी तर पाहिलंही होतं, आणि हसले होते.

वरच्या आजींकडे गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात ने. आत ये, चहा घे." चहा घेतला. बिनसाखरेचा होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सव्वासात. मास्तरणीने भिजवलेला दाणा पाच वेळा टिपला. डॉक्टरीण म्हणाली, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. अण्णांनाही तसंच चाललं आहे, चमचा चमचा, ताठ बसवून. दोघांची वेळापत्रकं भिंतीवर शेजारी शेजारी लावली आहेत. गिऱ्हाइकांना सांगितलं, आठवडाभर काम उशिरा मिळेल. पहारेकरी म्हणाला, मी रांगेत थांबतो.

दादाला फोन केला. मीच केला, रविवारची वाट न बघता. तो म्हणाला, "मी येतो." त्याला ताटाचं मीच सांगितलं होतं, तेव्हा त्याला तरी काय बोलू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सव्वासातला दाणे टाकायच्या आधी हात लावला. सपाट. पुन्हा लावला, खात्री पटेना म्हणून अण्णांचा हात धरून लावला. "रिकामी आहे," ते म्हणाले. मास्तरणीने दोघांनाही चोच मारली. टाका सुकला आहे.

मग आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. लांब कॉरिडॉर, चाकाची खुर्ची, अण्णांच्या मांडीवर माझी पिशवी. डॉक्टर वयस्कर, थकलेले, टेबलावर थंड झालेला चहा. त्यांनी अण्णांना चमचाभर पाणी पाजलं, गळ्यावर दोन बोटं ठेवून घोट कसा उतरतो ते पाहिलं. म्हणाले, काही थेंब श्वासनलिकेत जातायत. उद्या नळी घालून आत बघायचं, घशातच काही आहे की नसांचं आहे ते मगच कळेल. आज काही सांगता येणार नाही.

मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "कधीपासून?"

अण्णा म्हणाले, "झाले थोडे दिवस."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच सांगता येईना. कोंबडीचं मी मिनिटासकट सांगितलं होतं. मी पिशवीत हात घातला आणि हाताला ही वही लागली. पुढची बाजू उघडली. काहीही शिवण्याआधी तारीख घालून माप लिहायचं, घरच्याचंही, ही माझी सवय.

९ नोव्हेंबर, अण्णा, राखाडी पँट, कंबर छत्तीसची पस्तीस. १४ डिसेंबर, चौतीस. ११ जानेवारी, तेहतीस. ७ फेब्रुवारी, बत्तीस.

माझंच अक्षर. खाली एकसारखी रेघ, पट्टीने ओढलेली.

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चारही तारखा उतरवून घेतल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "इतकं नेमकं कोणी सांगत नाही."

अण्णांनी माझा हात धरला.

संध्याकाळी घरी आल्यावर ती पँट उलटी करून पाहिली. चारही वेळचं कापड शिवणीत तसंच आहे. मी ते कापलेलं नाही, उसवलं की पँट परत छत्तीसची.